दार उघडं ठेवणाऱ्या पंडिता रमाबाई

मैत्रिणींनो, परक्याला ‘नाही’ म्हणणं एक वेळ सोपं. पण ज्यांनी अडचणीत आसरा दिला, ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना नाही म्हणताना जीभ रेटत नाही. बायकांमध्ये काम करताना हे नेहमी दिसतं. उपकाराच्या ओझ्याखाली किती जणींच्या मनातलं मनातच राहून जातं! म्हणूनच आज पंडिता रमाबाईंची आठवण काढायची आहे. विधवांसाठी शाळा काढणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. पण ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी चर्चच्या मोठ्या मंडळींशी आपल्या श्रद्धेसाठी केवढा झगडा केला, हे फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवायला घेतलं आणि गहजब झाला. बाईला देववाणी शिकवतो म्हणजे काय? शास्त्रीबुवांना उडुपीला धर्मपंडितांपुढे उभं राहून शास्त्राधार दाखवावे लागले. ते डगमगले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनीच लेकीला संस्कृत शिकवलं. आपल्याला जे पटलंय ते चारचौघांपुढे ठामपणे मांडायचं, हे बाळकडू रमाबाईंना घरातच मिळालं.

त्यानंतर मात्र दुःखांची रांगच लागली. तीर्थयात्रा, दुष्काळ, उपासमार. 1874च्या सुमाराला आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. लेक मनोरमा झाली, आणि 1882 साली पती वारले. वय अवघं तेवीस, पदरात तान्ही पोर!

त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. 1883 साली शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज गावात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्यांना आसरा मिळाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांनी मायलेकींना जीव लावला. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणायच्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मठातल्या मंडळींना वाटलं, आता ही आपली झाली. आता आपण सांगू तसं मानेल. आणि इथेच ठिणगी पडली.

बायबल वाचून, विचार करून आपल्याला जे पटेल तेवढंच रमाबाई मानणार होत्या. येशूवर त्यांची श्रद्धा होती. पण देव तीन रूपांत एक आहे, ही चर्चची शिकवण त्यांना त्या वेळी पटत नव्हती. मग पटल्याचं खोटं कसं म्हणायचं? गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. ती ना त्यांना कळणार ना त्यांच्या माणसांना. मग संस्कृत का नको, असा त्यांचा साधा सवाल होता. त्या शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. जेराल्डिनना त्यात जातीचा अभिमान दिसायचा. धर्म बदलला म्हणजे ताट बदलायलाच हवं का, हे रमाबाईंना उमजेना.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. तिथे इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवायचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं हिंदी लोकांना रुचणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाई भलत्याच दुखावल्या. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरल्या सभेत बोललेली ही बाई! बिशप असले तरी आपल्या वतीनं दुसऱ्यानं ठरवणं त्यांना मान्य नव्हतं.

मनोरमेच्या बाबतीतही त्या ठाम होत्या. स्वतःला न पटलेली शिकवण लेकीला पढवू नये आणि तिनं आपल्या देशाच्या माणसांना परकं मानू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

विचार करा हं! परक्या देशातली विधवा, हातात पैसा नाही, पोरीचं पालनपोषण त्याच लोकांच्या हाती. अशा वेळी मान डोलावली असती तर कुणी नावं ठेवली असती? पण त्या पत्रांमागून पत्रं लिहीत राहिल्या. उपकार मानले, माया ठेवली, पण मन गहाण टाकलं नाही. आपण ख्रिस्ताच्या आहोत, कुठल्या एका पंथाच्या नाही, हीच त्यांची भूमिका राहिली.

हीच कसोटी पुढे मायदेशातही लागली. अमेरिकेत मदत उभारून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. शाळेत कुठलाही धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. हळूहळू काही मुली तिथे येऊन बसायला लागल्या. गावात बोभाटा झाला, ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. मुलींना तिथे येऊ देऊ नका, असं रमाबाईंना सांगण्यात आलं. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

पालकांची भीती अगदीच खोटी होती असं नाही. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. तेव्हा रमाबाईंचं चुकलं की बरोबर, यावर आजही दोन मतं असू शकतात. पण स्वतःची श्रद्धा चोरून, लपूनछपून पाळायची नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

एवढं होऊनही काम थांबलं नाही. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे बायका शेती करायच्या, विणायच्या, छापखानासुद्धा चालवायच्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 साली मनोरमा गेली, तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. केडगावची ‘मुक्ती’ आजही सुरू आहे.

आपला देव कोणताही असो, पूजा-अर्चा कशीही असो. पण ‘मोठ्यांनी सांगितलं म्हणून’ आणि ‘मला मनापासून पटलं म्हणून’ यात फरक आहे ना? आजीबाईंवर माया ठेवूनही त्यांचं न पटलेलं म्हणणं नाकारता येतं, हे रमाबाईंनी दाखवलं. घरात, मंडळात, देवळात आपल्यालाही कधीतरी असा प्रसंग येतोच. तेव्हा आवाज चढवू नये, नातं तोडू नये, पण खोटं ‘हो’ही म्हणू नये. एवढं जमलं तरी पुष्कळ!