छऱ्याची बंदूक आणि सुगरणीचा खोपा

निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्यामधले आमचे छोटेसे स्टेशन. लहानपणी आम्ही पोरे बांबूच्या कामट्यांचे धनुष्य आणि गलोल घेऊन रुळांपलीकडच्या रानात हिंडत असू. एकदा माझ्या खड्याने बुलबुल पडला. हातात घेतला तेव्हा त्याचे अंग गरम होते. घरी कोणाला सांगितले नाही.

१९७२ च्या कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, पण रानाची ओढ कायद्याने थोडीच जाते? अशी ओढ असणाऱ्या मित्रांना मी डॉ. सलीम अलींचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे १९८५ साली निघालेले आत्मचरित्र वाचायला सांगतो.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. मामा शिकारी. भाच्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती जात, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. साहेबांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि मुलगा तिथलाच झाला.

विद्यापीठाची पदवी मात्र मिळाली नाही. (आमच्या वर्गातल्या काहींना यामुळे धीर येईल!) पदवीअभावी झूलॉजिकल सर्व्हेतली जागा हुकली. बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरीही उरली नव्हती. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहिले.

तिथे सुगरणींची वसाहत होती आणि बेकार माणसाला वेळच वेळ. तासन्‌तास आडोशाला बसून त्यांनी पाहिले की खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर ती तिथे नांदते आणि हा गडी दुसरीसाठी नवा खोपा घेतो. आपण मात्र सारे श्रेय ‘सुगरणी’ला देऊन मोकळे!

बंदूक त्यांनी टाकली नाही, हेही सांगितले पाहिजे. अभ्यासासाठी ते पक्षी मारीत, आणि ते त्यांनी लपवले नाही. मला हे पचायला जड गेले. पण त्यांच्या प्रत्येक पक्ष्याची नोंद आहे. माझ्या बुलबुलाची कुठे आहे?

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, पुढे रिप्ले यांच्यासह दहा खंड. १९८७ साली ते गेले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहिरीवर सुगरणींनी खोपे बांधले. धाकट्या भावाला घेऊन दोन तास बसलो. गलोल त्याच्या खिशातच होती.