अपील न करणारे महात्मा गांधी

मोहनदास करमचंद गांधी ह्यांचा जन्म पोरबंदर येथें २ ऑक्टोबर १८६९ रोजीं झाला. विलायतेंत ते बॅरिस्टर झाले. तेव्हां अपिलाचा हक्क म्हणजे काय, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. तरी ‘यंग इंडिया’ पत्रांतील तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला होतांच, १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड ह्यांजपुढें त्यांनीं गुन्हा कबूल केला. सहा वर्षांची साधी कैद झाली. गुन्हा कबूल करणारास दोषनिर्णयाविरुद्ध दाद मागतां येत नसे. शिक्षा कमी करून घेण्याची वाट मात्र मोकळी होती. तीही त्यांनीं धरिली नाहीं. ते येरवड्याच्या तुरुंगांत राहिले. १९२४ सालीं पुण्यास ससून इस्पितळांत शस्त्रक्रिया झाल्यावर सरकारनें त्यांस सोडिलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यांचा खून झाला.

संत पौलानें कैसराकडे दाद मागितली. लोकमान्य टिळकांनीं १९०८ च्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलपर्यंत धाव घेतली. म्हणून अपील करणें हा दोष नव्हे, असें आम्ही ताडकळसच्या वाचकांस सांगतों. परंतु जो कायदा आपण जाणूनबुजून मोडला, त्याची शिक्षा कुरकुर न करितां भोगणें, हीही सत्याची साक्षच होय.