कमलाबाई सोहोनी

निफाडच्या परिसरात कांद्याच्या चाळी जागोजाग दिसतात. शेतातून काढलेला कांदा तेथे महिनोन्महिने स्वस्थ पडलेला असतो. पण तो निर्जीव नसतो. तोही श्वसन करतो. वनस्पतींच्या या श्वसनाचे एक कोडे उलगडण्यास एका मराठी स्त्रीने मोठा हातभार लावला. त्या म्हणजे कमलाबाई सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ असल्याने घरात विज्ञानाचे वातावरण होते. १९३३ साली बी. एस्‌सी. परीक्षेत पहिल्या येऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तेथील संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एवढेच, की अर्ज मुलीचा होता! कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला. पण एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर. हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. मात्र वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढे संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

१९३७ साली त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या. पेशी अन्नापासून शक्ती कशी मिळवते, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झालेला होता. पेशी अन्नातील हायड्रोजन सैल करते, तीच मुख्य क्रिया, असे जर्मनीतील वीलांड म्हणत. वॉरबुर्ग यांच्या मते पेशीतील लोहयुक्त द्रव्य प्राणवायूला कार्यप्रवण करते, हेच खरे मर्म होते. खरे पाहता दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य होते. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दोहोंमधला दुवा दाखविला. तो म्हणजे सायटोक्रोम ही लोहयुक्त रंगद्रव्ये. आग विझविताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या घागरी हातोहात पुढे देतात ना? तसेच ही द्रव्ये अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोचवितात.

केलिन यांना सायटोक्रोमच्या खुणा वनस्पतींतही आढळल्या होत्या. परंतु तेथे ही साखळी खरोखर चालते काय, याचा नीट उलगडा व्हावयाचा होता. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना कमलाबाईंनी साधा बटाटा हाती घेतला. बटाट्याच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते व ते श्वसनात भाग घेते, असे त्यांनी दाखवून दिले. इतरांचे प्रबंध शेकडो पानांचे. त्यांचा अवघा चाळीस पानांचा! त्यावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अध्यापन केले, तसेच कडधान्ये व नीरा यांतील पोषक द्रव्यांचे संशोधन केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.