नगरच्या मिस फरार

सावित्रीबाई फुल्यांची शाळा आपल्याला ठाऊक असते. पण शिकवायचं कसं, हे त्या कुणाकडे शिकल्या? तिथे नाव येतं मिस सिंथिया फरार यांचं.

त्यांचा जन्म १७९५चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा. पेशानं शिक्षिका. मुंबईतल्या अमेरिकन मिशनला मुलींच्या शाळा बघायला कुणीतरी हवं होतं. मिशनऱ्यांच्या बायका होत्या, पण घर, बाळंतपणं, आजारपणं यातून त्यांना सवड कुठली? म्हणून मिशनच्या बॉस्टनच्या मंडळानं १८२७ मध्ये फरारबाईंना विचारलं. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. एकट्या बाईनं सातासमुद्रापार जायचं, तेही त्या काळी! बाई हो म्हणाल्या आणि वर्षअखेरीला मुंबईत उतरल्या.

मराठी शिकल्या, शाळांच्या कामाला लागल्या. पण पोरी यायच्या कशा? मुलगी शिकली तर घर बुडेल, असं मानणारे लोक. त्यातून बाटवतील ही धास्ती. ती काही अगदीच खोटी नव्हती हो, धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतूच होता.

तब्येतीमुळे १८३७ साली त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८३९ मध्ये परत आल्या आणि नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शाळा सांभाळू लागल्या. ती बघायला जोतीराव मित्रासोबत गेले. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवण्याचे धडे घ्यायला नगरला मिस फरारांकडेच गेल्या.

१८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या.