पाइपावर फोम का गुंडाळतात? उत्तर शोधणारा माणूस स्वतःचं घर सोडून पळाला होता

इंग्लंडमध्ये जुनं कॉटेज दुरुस्त करायला काढलं की आधी फरशीखालच्या फळ्या उचलतात. बॉयलरचं गरम पाणी खोलीखोलीत नेणारे पाइप टाकतात आणि त्यांवर फोमचं वेष्टण चढवतात. भिंतीत, छतात काचेची लोकर भरतात. आपल्याकडे गच्चीवरच्या सोलर हीटरच्या पाइपलाही तेच काळं फोम असतं.

पण फोममध्ये असं काय असतं की उष्णता बाहेर पडत नाही?

याचं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफर्ड.

जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. शेतकऱ्याचा मुलगा, पोरवयात दुकानात उमेदवारी केलेला. १९ व्या वर्षी त्याने रमफर्ड गावातल्या एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं आणि नशीब पालटलं. मग स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. हा इंग्रजांच्या बाजूने होता, त्यांना खबरा पुरवत होता. १७७६ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तो इंग्लंडला निघून गेला. बायकोची पुन्हा भेट झाली नाही.

पुढे तो बव्हेरियाच्या राजदरबारी गेला. तिथे सैन्याच्या कपड्यांचा प्रश्न होता. कोणतं कापड जास्त ऊब देतं? त्याने थर्मामीटरच्या फुग्याभोवती रेशीम, लोकर, कापूस, सशाचे केस, पिसं भरली. ते उकळत्या पाण्यात तापवायचं, बर्फात ठेवायचं आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

निष्कर्ष असा निघाला की ऊब धरून ठेवायचं खरं काम धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते. हवा मोकळी असली की फिरते आणि उष्णता घेऊन जाते. बारीक बारीक कप्प्यांत अडकवली की तिथेच थांबते. आजचं फोम, काचेची लोकर, आजीची गोधडी, सगळ्यांमागे हेच तत्त्व आहे. म्हणूनच लोकर दाबून भरली किंवा भिजली की निकामी होते, कारण आतली हवाच निघून जाते.

या कामासाठी १७९२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. त्याच वर्षी तिकडे त्याची बायको वारली. एव्हाना तो काउंट झाला होता आणि पदवीसाठी नाव निवडलं होतं रमफर्ड, म्हणजे सोडून आलेलं तेच गाव.

पुढे त्याने धुराने भरणाऱ्या शेकोट्यांची रचना बदलली, चिमणीचं तोंड अरुंद केलं. वाफ नळांतून नेऊन उष्णता दूर कशी पोचवायची यावर लिहिलं. १७९८ मध्ये तोफांना भोक पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून त्याने दाखवलं की उष्णता हा कुठला द्रव नाही, तिचा संबंध हालचालीशी आहे. पुढच्याच वर्षी लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

नंतर पॅरिसमध्ये त्याने लाव्हाझिए या शास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केलं. उष्णता हा द्रव आहे असं मानणाऱ्यांत लाव्हाझिए आघाडीवर होता. पण हा संसारही काही वर्षांतच मोडला. १८१४ मध्ये पॅरिसजवळच्या ओतय इथे रमफर्ड वारला.

ऊब कशी टिकवायची हे त्याने जगाला शिकवलं. स्वतःच्या घरात मात्र ती त्याला कधी टिकवता आली नाही.