सोन्यासाठी आलेला मित्र

इटलीचे जेझुइट धर्मोपदेशक मातेओ रिची (१५५२–१६१०) गोव्यात काही काळ राहून १५८२ मध्ये मकावला पोहोचले. पुढे चीनमध्ये ते बौद्ध भिक्षूंच्या वेषात वावरत. विद्वान मंडळी मात्र भिक्षूंना फारशी किंमत देत नसत.

१५८९ मध्ये शाओचौ येथे छू तायसू हा एका थोर अधिकाऱ्याचा उधळा पुत्र त्यांच्याकडे आला, तो किमयेने सोने करण्याची विद्या शिकावयास! सोने राहिले बाजूला. गृहस्थ युक्लिडच्या भूमितीत रमला. भिक्षुवेष टाकून पंडितांचा पोशाख करावा, हा सल्ला त्याचाच. १५९५ मध्ये रिचींनी तो अमलात आणला आणि त्याच वर्षी मैत्रीवर चिनी भाषेत ग्रंथ लिहिला. गुरू कोण आणि शिष्य कोण?

छू तायसूच्या बाप्तिस्म्याआड त्याची उपपत्नी येत होती. तिच्याशी विवाह केल्यावर, १६०५ मध्ये, त्याने तो घेतला. तोवर सोळा वर्षे लोटली होती.