सत्यनिष्ठ संशोधक सिडनी रिंगर

रुग्णालयात रोग्याच्या खाटेशेजारी उंच टांगलेली बाटली तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील पाण्यासारखा स्वच्छ द्राव नळीवाटे थेंबाथेंबाने रोग्याच्या शिरेत उतरत असतो. अशा एका द्रावाला ‘रिंगर लॅक्टेट’ म्हणतात. त्यातील रिंगर हे नाव एका इंग्रज वैद्याचे आहे.

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्विच शहरी झाला. १८५४ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास करू लागले. पुढे तेथील रुग्णालयातच त्यांनी आपले आयुष्य वेचले. औषधोपचारांवरील त्यांचा ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. कीर्ती लाभली, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. रोगी तपासण्यातून सवड मिळताच त्यांची पावले प्रयोगशाळेकडे वळत.

रक्तातील कोणत्या द्रव्यांमुळे हृदय धडधडत राहते, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी ते बेडकाचे हृदय वेगळे काढून मिठाच्या पाण्यात ठेवीत. त्या पाण्यात हृदय बराच वेळ आकुंचन पावत राहिले. त्यावरून काढलेले निष्कर्ष त्यांनी १८८२ साली प्रसिद्ध केले.

परंतु पुढे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. मिठाचे पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेल्या शुद्ध पाण्याने करावयाचे होते. ते चक्क नळाच्या पाण्याने केले गेले होते! रिंगर यांनी शुद्ध पाणी वापरून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हृदय क्षीण होत होत थोड्याच वेळात थांबले. मग नळाच्या पाण्यात असे काय होते? लंडनचे ते पाणी खडूच्या भूप्रदेशातील झऱ्यांतून येत असे, आणि त्यात चुन्यातील मूलद्रव्य, कॅल्शियम, विरघळलेले होते. रिंगर यांनी शुद्ध पाण्यात त्याचा अल्प अंश मिसळताच हृदय पुन्हा जोमाने धडधडू लागले.

आता त्यांच्यापुढे कठीण प्रसंग उभा राहिला. लेख छापला गेला होता, नाव झाले होते. मौन पाळले असते, तर चूक कदाचित कोणाच्या ध्यानातही आली नसती. दोष मदतनिसावर ढकलणेही सोपे होते. परंतु रिंगर यांनी १८८३ साली नवा लेख लिहून आपले पूर्वीचे निष्कर्ष चुकले होते, हे सर्वांसमोर मान्य केले, आणि त्याच लेखात कॅल्शियमचे महत्त्व सिद्ध केले. १८८५ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने विज्ञान फार पुढे गेले. हृदयच नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूही कॅल्शियममुळेच आकुंचन पावतात, हे आज आपण जाणतो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अशाच आकसतात व सैलावतात, आणि त्यामुळे मेंदूला बेताचे रक्त मिळते. मेंढ्यांवरील संशोधनात असे आढळले, की जन्मापूर्वी या रोहिण्यांचे स्नायू मुख्यतः पेशीबाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असतात. प्रौढपणी मात्र पेशीच्या आत साठविलेले कॅल्शियमही मोठे साहाय्य करते. तान्ह्या बाळाने दुसऱ्याच्या घासावर वाढावे आणि मोठेपणी स्वतःचे कोठार भरावे, तसेच हे नव्हे काय?

रिंगर १९०० साली निवृत्त झाले आणि यॉर्कशायरमधील लॅस्टिंगहॅम या खेड्यात राहू लागले. बालवयात वारलेल्या आपल्या कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी तेथील पुरातन चर्चचा जीर्णोद्धार पूर्वीच करविला होता. त्याच गावी १९१० साली त्यांचे निधन झाले. १९३० नंतरच्या काळात हार्टमन या अमेरिकन बालवैद्याने त्यांच्या द्रावात लॅक्टेटची भर घातली.

मुलांनो, चूक कोणाच्याही हातून होते. ती झाकली तर तेथेच कुजते. निर्भयपणे उघड केली तर तीच नव्या ज्ञानाचे दार उघडते. रोग्याच्या शिरेत उतरणारा तो द्राव पाहाल, तेव्हा या सत्यनिष्ठ वैद्याचे स्मरण अवश्य करा.